समोरच्या साइटवरच्या मुलीला शाळेत घालायचंय? आधी तिच्या कडेवरचं बाळ बघा

इथे एका ताईंनी प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा आहे. बाणेरला त्यांच्या सोसायटीसमोर बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथे पत्र्याच्या खोलीत नांदेडकडचं एक कुटुंब राहतं, आई-वडील दोघंही बिगारी. मुलगी १० वर्षांची. गावच्या शाळेत चौथीत नाव आहे म्हणतात पण इथे आल्यापासून सात-आठ महिने शाळा नाही, दिवसभर दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन फिरते. ताईंनी तिला संध्याकाळी घरी बोलवून पुस्तक हातात दिलं तर वाचता येईना. जवळच्या एका शाळेत विचारलं तर 'टीसी आणा' म्हणाले. आता ताई विचारतायत की एक वर्ष घरीच तयारी करून घेऊन मग शाळेत घालू का, की मी फी भरते आणि सरळ इंग्लिश मिडियमला टाकू, आणि टाकायचं तर कितवीत.

मी पुण्यात २२ वर्षं हेच काम करतेय. आधी साइटवर वर्ग घ्यायचे, पत्र्याच्या शेडमध्ये, बाजूला सळई कापायचा आवाज आणि आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसलेलो. आता जास्त काम अ‍ॅडमिशनचं आणि अ‍ॅडमिशन झालेली पोरं शाळेत टिकतात का ते बघण्याचं असतं. वाकड, बालेवाडी, उंड्री, वाघोली, जिथे जिथे पुणं वाढलं तिथे तिथे आम्ही क्रेनच्या मागे मागे फिरलो. त्यामुळे जे लिहितेय ते त्यातून आलेलं आहे, प्रत्येक घराला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

सगळ्यात आधी, एक वर्ष घरी शिकवून मग शाळा, हे करू नका. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हे केलंय. चौदा पोरं होती एका साइटवर, म्हटलं आधी नीट वाचायला लिहायला शिकवू, मग शाळेत पाठवू म्हणजे तिथे मागे पडणार नाहीत. आठव्या महिन्यात शेवटचा स्लॅब पडला आणि पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या. मी एका सकाळी फळा घेऊन गेले तर पत्रे काढून ट्रकमध्ये भरत होते, पोरं कुठल्या साइटवर गेली तेही मुकादमाला सांगता येईना. त्यातल्या तिघांचीच अ‍ॅडमिशन नंतर झाली असं मला कळलं. त्या दिवसापासून मी शाळेत आधी घालते, तयारी बरोबरीने करते. शिवाय दहाची मुलगी अकराची होते, बाराची होते, आणि घराला तिची सवय लागते. पाणी भरायला ती, बाळ सांभाळायला ती, संध्याकाळी भाकरी थापायला ती. एकदा घर तिच्यावर बसलं की तिला उठवणं फार अवघड जातं.

आता खरा प्रश्न काय आहे ते बघू, कारण यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पटावर नाव असणं वेगळं, रोज वर्गात बसणं वेगळं आणि शिकणं वेगळं. तुमच्या मुलीचं नाव गावात पटावर आहे, ती वर्गात नाही, आणि जेव्हा होती तेव्हाही फार शिकलेली नाही. पटावर नाव असण्याची लढाई आपल्या देशाने बऱ्यापैकी जिंकलीय. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते, ग्रामीण भागात, घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतात. तिच्या २०२४ च्या अहवालात ६ ते १४ वयाच्या ९८.१ टक्के मुलांचं नाव शाळेत आहे. आणि त्याच अहवालात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी ४८.८ टक्के. म्हणजे पाचवीपर्यंत पोचलेली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत. तेव्हा तुमच्याकडे आलेल्या मुलीला वाचता येत नाही यात ती मंद आहे, आई-बापाचं लक्ष नाही, असलं काही मनात आणू नका. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचं तेच आहे, त्यात तिची शाळा वर्षातले कित्येक महिने बुडत आलेली असणार.

पण तुमच्या बाबतीत पहिली अडचण वाचनाची नाही आणि टीसीचीही नाही. ती आहे कडेवरचं बाळ. आई सकाळी आठला कामावर चढते ती संध्याकाळी सहाला उतरते, मुलगी बाळ सांभाळते म्हणून आईची हजेरी भरते. म्हणजे त्या घरात ही पोरगी रोज आईची मजुरी कमावून देतेय असंच धरा. तुम्ही कितीही गोड बोलून 'शिकलं पाहिजे हो' सांगितलंत तरी आई मान डोलावेल, हो ताई म्हणेल, आणि सोमवारी पोरगी परत बाळ घेऊन वाळूच्या ढिगावर बसलेली दिसेल. आईला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणून हे होत नाही, मला तरी इतक्या वर्षांत शिक्षण नको म्हणणारी आई एखाद-दुसरीच भेटली असेल. तिच्याकडे बाळ ठेवायला जागा नाही, एवढंच आहे.

तुम्ही म्हणाल अंगणवाडी असते ना. अंगणवाडीत बसायला मूल ३ वर्षांचं लागतं, त्याच्या आतल्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळत नाहीत. साइटवर पाळणाघर हवं असं बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात होतं, पण तेही जिथे ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथेच, आणि एका बिल्डिंगच्या साइटवर इतक्या बायका कुठून असणार. त्यामुळे दीड वर्षाचं बाळ बरोबर मधल्या फटीत सापडतं आणि त्याच्याबरोबर त्याची बहीणही.

मग करायचं काय. आम्ही तीन-चार गोष्टी करून बघतो, जी जमेल ती. एक म्हणजे लेबर कॅम्पमध्ये एखादी आजी किंवा दिवस भरत आलेली बाई असते जी कामावर जात नाही, तिच्याशी बोलून दोन-चार घरांची बाळं तिच्याकडे ठेवायची आणि तिला महिन्याला काहीतरी बांधून द्यायचं. हे सगळ्यात चांगलं चालतं कारण बाई त्यांच्यातलीच असते, भाषा तीच, बाळ रडलं तर आईला हाक मारता येते. ताई, तुम्ही जी इंग्लिश मिडियमची फी भरायला तयार आहात ना, ते पैसे इथे लावा. मी अगदी मनापासून सांगतेय. त्या फीच्या छोट्याशा भागात तुमची मुलगी शाळेत जाईल आणि बहुतेक शेजारच्या खोलीतलीही जाईल.

दुसरं म्हणजे शाळेची वेळ. महापालिकेच्या बऱ्याच इमारतींत दोन सत्रांत शाळा भरते, सकाळची आणि दुपारची. कुठलं सत्र आईच्या कामाशी जुळतं ते बघायचं, मुकादम समजूतदार असेल तर आईला थोडं उशिरा येऊ देतो, अर्धी हजेरी मांडतो. आणि तिसरं, हे ऐकून तुम्हाला विचित्र वाटेल, बाळाला शाळेत घेऊन यायची परवानगी मागायची. उंड्रीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक बाईंनी दिली होती. वर्गाच्या कोपऱ्यात एक जुनी सतरंजी टाकली, त्यावर बाळ झोपायचं, उठलं की पोरगी मांडीवर घेऊन लिहायची. चार महिने असं चाललं. बाकीची मुलं आळीपाळीने त्याला खेळवायची. नियमात बसवायला गेलात तर बसणार नाही, पण पोरगी त्या चार महिन्यांत एक दिवस गैरहजर नव्हती.

बाळाचं काहीतरी ठरलं की मग अ‍ॅडमिशन. टीसीशिवाय होत नाही असं तुम्हाला सांगितलं ते चूक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात तीन कलमं तुमच्या कामाची आहेत. कलम ४ सांगतं की शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा आणि बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, नियमात ते कमीत कमी ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं आहे. कलम ५ सांगतं की मूल एका गावातून दुसरीकडे गेलं तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश मागता येतो आणि दाखला यायला उशीर झाला या कारणाने अडवता येत नाही. कलम १४ सांगतं की जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एक छोटा अर्ज लिहून न्या, त्यात या तीन कलमांचा उल्लेख करा, आवाज चढवू नका. शाळेतल्या लोकांशी तुम्हाला पुढची तीन वर्षं बोलायचंय. बहुतेक वेळा समोरच्याला कायदा माहीत असतो, पण ऑनलाइन नोंद कशी करायची याचं टेन्शन असतं, म्हणून तो आधी कागद मागतो.

पुण्यात हे सगळं लिहिताना मला नेहमी वाटतं की या मागणीला किती वर्षं झाली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हटलं होतं, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं ते पास झालं नाही, आणि कायद्याने हक्क मिळायला २०१० उजाडलं. आपल्या डोळ्यांसमोर मिळालेला हक्क आहे, तो वापरायला संकोच कसला.

कितवीत घालायचं, तर वयाप्रमाणे. दहा पूर्ण असतील तर पाचवीत. तिला वाचता येत नाही म्हणून दुसरी-तिसरीत घालू असं शाळेतलं कोणी सुचवेल, तुम्हालाही ते बरोबर वाटेल, पण दहा वर्षांची उंच मुलगी सात वर्षांच्या पोरांत बसली की पहिल्या आठवड्यातच लाजते, डबा खायला कोणाबरोबर बसायचं इथपासून प्रश्न, आणि मग पोट दुखायला लागतं. मुलं शाळेत मैत्रिणीसाठी येतात, हे मी पैजेवर सांगेन. मैत्रीण तिच्या वयाची लागते.

जन्मतारखेचं एक सांगते. परवा एका मुलाच्या अ‍ॅडमिशनला गेलो होतो, बाईंनी जनरल रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि आईला विचारलं जन्मतारीख काय. आई म्हणाली नागपंचमीच्या आसपास, पाऊस लागला होता, मोठ्या दिराचं लग्न झालं त्या साली. बाईंनी पेन खाली ठेवलं, मोबाईलवर नागपंचमी शोधली, दिराच्या मुलीचं वय विचारलं, आणि दहा मिनिटांत तारीख नक्की केली. मग आईकडून लिहून घेतलं, अंगठा घेतला. आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारून आधार कार्डाशी ताडून बघितलं. ही दहा मिनिटं फार मोलाची असतात, कारण रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक पडला तर दहावीच्या फॉर्मपर्यंत तो फरक पोराच्या मागे लागतो. तेव्हा तुम्ही जाल तेव्हा आधार असेल तर सोबत न्या आणि लिहिताना शेजारी उभ्या राहा.

आता वाचनाकडे. आधी तिला नक्की काय येतं ते बघा. धडा वाचून घेऊन ते कळत नाही. एक मुलगी होती वाघोलीच्या साइटवर, गावी तिसरी झालेली, तिने माझ्यासमोर अख्खा धडा धडाधड म्हणून दाखवला, बोट ओळीवरून सरकतंय, आवाज एकदम खणखणीत. माझं लक्ष बोटाकडे गेलं तर बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडात पाचवी ओळ. मी पानावर हात ठेवला तरी ती थांबली नाही, पुढचा परिच्छेदही म्हणून मोकळी झाली. सगळा धडा पाठ होता, वर्गात बाकीच्यांच्या मागे म्हणून म्हणून. अक्षरं विचारली तर क, म, र ओळखायची, त आणि न मध्ये गोंधळ, काना-मात्रा काहीच नाही. त्यामुळे तुम्ही अनोळखी मजकूर द्या. आधी सुटी अक्षरं, मग दोन अक्षरी साधे शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे अडकते तिथून सुरुवात. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, परीक्षेसारखी घेऊ नका, बाळ मांडीवर असलं तरी चालतं.

आणि मग रोज एक तास, जिथे अडकली तिथूनच. पाचवीत आहे म्हणून पाचवीचं पुस्तक घेऊन बसू नका, ते वर्गात होऊ दे. वर्ग वयाचा, वाचन तिच्या पातळीचं, असं दोन्ही एकाच वेळी चालवायचं. हे माझं एकटीचं मत नाही, याची मोठी परीक्षा झालेली आहे. मुंबईत आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या संस्थेने बालसखी नावाचा प्रयोग केला होता, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी शाळेच्या वेळात साधारण दोन तास वेगळं घेऊन बसायची, फक्त पायाभूत वाचन आणि गणित. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नीट मोजलं आणि मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. मला त्यातली सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही वाटते की त्या बालसख्या डीएड झालेल्या नव्हत्या, दहावी झालेल्या, दोन आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेल्या मुली होत्या. म्हणजे तुम्हालाही जमेल.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या, घरी कुठली भाषा बोलतात. नांदेडकडचे म्हणजे मराठीच असं धरू नका, बंजारा असतील तर घरात गोरमाटी चालते, वडार समाजाची वेगळी बोली, काहींची तेलुगू. मूल मराठी बोलतं पण 'पुस्तकी' मराठी त्याला परकी असते. मी सुरुवात नेहमी तिच्या तोंडच्या शब्दांनी करते. ती सांगते, मी लिहिते, ती वाचते. घमेलं, थापी, वाळू, पत्रा, नळ, बाळाचं नाव. घमेलं या एका शब्दात मात्रा आणि अनुस्वार दोन्ही येतात आणि तो तिला दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. महिन्या-दीड महिन्यात फरक दिसायला लागतो, दिसला नाही तर डोळे तपासून घ्या, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, निदान तीन मुलं मला अशी भेटली ज्यांना फळाच दिसत नव्हता.

इंग्लिश मिडियमबद्दल. आईलाही तेच हवं असेल, शक्यता दाट आहे, आणि तिची इच्छा चुकीची नाही. पण या मुलीच्या बाबतीत माझं स्पष्ट मत नको असं आहे. जिला मराठीत अक्षरं लागत नाहीत तिला तिसऱ्या भाषेत पाचवीचं विज्ञान दिलं तर ती पुन्हा पाठांतरावर जाईल. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांचा उपयोगही इथे नाही, तो प्रवेश पहिली किंवा त्याआधीच्या सुरुवातीच्या वर्गालाच असतो. आणि तुमची फी थांबली, म्हणजे बदली झाली, घर बदललं, तर ती मध्येच लटकते. महापालिकेच्या शाळेत फी नाही, आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. बाळ ५-६ वर्षांचं होईल तेव्हा त्याच्यासाठी इंग्लिश मिडियमचा विचार जरूर करा, तिथे गोष्ट वेगळी आहे.

शाळा सुरू झाली की पहिले दोन महिने लक्ष ठेवा, कारण गळती तिथेच होते आणि कारणं फार छोटी असतात. बाणेरसारख्या ठिकाणी मोठा रस्ता ओलांडायचा असतो, आईला त्याची भीती असते. चप्पल तुटली. दप्तर नाही म्हणून प्लॅस्टिकची पिशवी नेली, कोणी हसलं. पावसात युनिफॉर्म वाळला नाही. पोरगी थोडी मोठी असेल तर शाळेतलं टॉयलेट. यातलं एकेक मी डोळ्यांनी बघितलंय आणि एकेका कारणाने मूल कायमचं सुटलेलं बघितलंय. जंताची गोळी हा तसाच विषय. केनियात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिग्वेल यांनी शाळांमध्ये जंतनाशक गोळ्या दिल्या तर गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने कमी झालेली दिसली. तिथे जंतांचं प्रमाण खूप जास्त होतं त्यामुळे तोच आकडा इथे येईल असं मी म्हणणार नाही, पण साइटवर उघड्यावर अनवाणी फिरणाऱ्या पोरांना ती गोळी चुकता कामा नये. आपल्याकडे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत फुकट देतात, त्या दिवशी ती हजर असेल एवढं बघा, बाळालाही मिळते.

पुढचं मोठं वळण म्हणजे साइट संपणं. काम किती महिने चालणार ते सुपरवायझरला विचारून ठेवा, कारण सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. दोन वर्षं असेल तर छानच. चार महिने असेल तरी घाला, फक्त कागद पक्के करा. दिवाळीला ही मंडळी गावी जातात आणि पंधरा दिवसांचे दोन महिने होतात, सलग ३० दिवस गैरहजर राहिली की मुलगी शाळाबाह्य धरली जाते. जाण्याआधी वर्गशिक्षिकेला सांगून जायला लावा. महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ऊसतोडीच्या पोरांमुळे ते बऱ्याच शिक्षकांना माहीत आहे, ते मागा. ते दाखवलं की गावातल्या शाळेत बसता येतं आणि परत आल्यावर इथे.

गावची शाळा ऑनलाइन नाव सोडायला वेळ लावू शकते. नव्या शाळेने विनंती पाठवायची, जुन्या शाळेने मान्य करायची, अशी ती पद्धत. गावची शाळा का थांबते हे समजून घ्या, तिथे पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जाऊ शकतं, २०-२५ पोरांच्या शाळेत एकेक नाव मोलाचं असतं. वडिलांना स्वतः गुरुजींना फोन करायला लावा, ताई तुम्ही करू नका. वडिलांनी सांगितलं की पोरगी आता पुण्यात शिकतेय, तर बहुतेक गुरुजी मनापासून खूश होतात आणि दोन दिवसांत मान्य करतात.

पैशाचं एक लक्षात ठेवा. आई किंवा वडील बांधकाम कामगार मंडळात नोंदलेले असतील तर पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये मिळतात, ७५ टक्के हजेरीची अट आहे. नोंदणीला गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि गाडी तिथेच अडते, ठेकेदार सही द्यायला टाळतो. सोसायटीतले चार लोक बिल्डरला जाऊन भेटले तर ती सही मिळते, हे काम तुमच्यासारख्यांनी केलं तर आमच्यापेक्षा लवकर होतं. आणि हे पैसे हजेरीशी बांधलेले असल्यामुळे घरात पहिल्यांदाच शाळेत जाण्याला आणि बाळ सांभाळण्याला समोरासमोर तोलता येतं.

आठवीनंतर काय हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात ठेवा. शिक्षण हक्क आठवीपर्यंत आहे, खिचडीही आठवीपर्यंत, महापालिकेच्या अनेक शाळाही तिथेच संपतात आणि हायस्कूल लांब असतं. मुली तिथे सुटतात. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यावरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नुसत्या सायकलीने. म्हणजे मुलींना शिकायचं नसतं हे किती खोटं आहे बघा. तुमची मुलगी सातवीत जाईल तेव्हा हायस्कूल कुठलं, बसचा पास मिळतो का, बरोबर कोण जाणार, हे तेव्हाच बघायला लागा.

एवढं सांगून मान्य करते की काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. घरात तिच्यावर काही जबरदस्ती आहे का, वडील दारू पितात का, लग्नाची कुजबुज आहे का, तिला स्वतःला काय वाटतं. कुठलीही शंका आली तर एकटीने निस्तरायला जाऊ नका, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि एकटीला झेपत नसेल तर पुण्यात 'डोअर स्टेप स्कूल' १९९३ पासून साइटवरच्या मुलांसाठी काम करतंय, त्यांना कळवा, तुमच्या भागात कोणी येतं का विचारा.

आता उद्या-परवाच करण्यासारखं. संध्याकाळी सहानंतर त्यांच्या खोलीवर जा, आईला भेटायला, मुलीला भेटायला नाही. शाळेचा विषय लगेच काढू नका, बाळ कोणाकडे ठेवता येईल एवढंच विचारा आणि कॅम्पमध्ये कोण आजी आहे ते बघा. ते ठरलं की सुट्टी सोडून एका सकाळी आईला अर्ध्या दिवसाची हजेरी भरून द्या आणि तिलाच घेऊन शाळेत जा, रजिस्टरमध्ये अंगठा तिचा लागू दे. जाताना मुलीची तेल लावून वेणी घालायला सांगा, पहिल्या दिवशी वर्गात शिरताना ती सारखा हात वेणीवर फिरवते, मी कितीदा बघितलंय. काय झालं ते इथेच लिहा, टीसीवर अडलं तर अर्जाचा मसुदा मी देते.